एकशे एकविसावी वस्तू

तिने पेन्सिल ‘कंगवे’ या शब्दावर टेकवली आणि पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा.

शेजारच्या पाच देशांशी उद्या करार व्हायचा होता. जकात उठणार, माल मोकळा फिरणार. प्रत्येक देशाला आपल्या फक्त एकशे वीस वस्तू त्यातून वाचवता येणार होत्या. यादी पुरी झालीही होती. पण सकाळी प्लायवूडवाल्यांच्या संघटनेने मंत्र्यांना गाठलं आणि वस्तू झाल्या एकशे एकवीस.

“एक काढा,” साहेब म्हणाले होते. “जिच्यासाठी कुणाचा फोन आला नाही, ती. चारला यादी जाते.”

फोनांची वही तिच्याकडेच असे. टायरवाल्यांचे नऊ फोन, साखरवाल्यांचे चौदा. कंगव्यांपुढे कोरं. कंगवे तिचा भाऊ करायचा. चार यंत्रं, अकरा माणसं.

ती मागच्या जिन्यात गेली आणि भावाला फोन लावला.

“दादा, साहेबांना फोन कर. कंगवा उत्पादक संघटनेचा अध्यक्ष बोलतोय म्हण.”

“कसली संघटना, चिमे? कंगवेवाले आम्ही दोघंच. त्यात पलीकडच्याचा नि माझा छत्तीसचा आकडा.”

“मग तू अध्यक्ष, तो उपाध्यक्ष.”

“त्याला कळलं तर म्हणेल, अध्यक्ष मीच.”

“हसतोस काय? बाहेरचा कंगवा तुझ्या निम्म्या भावात येईल.”

तिकडे एक यंत्र बंद झाल्याचं ऐकू आलं.

“नंबर सांग,” तो म्हणाला.

परत आल्यावर तिचा पाय एका जागी ठरेना. पाणी प्यायली. टोकदार पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं. साडेतीनला साहेबांच्या खोलीत फोन वाजला आणि दाराआडून “हो, हो, अध्यक्षसाहेब” ऐकू आलं.

साहेब बाहेर आले.

“कंगव्यांचीही संघटना आहे म्हणे. माणूस भलताच कडक. राहू द्या ते. वहीत टिपून ठेवा.”

तिने टिपलं.

“आता दुसरं काढा. कोरं आणखी काही असेलच.”

होतं. एकच. मुलांच्या लिहायच्या पाट्या.

साहेब घड्याळ बघत उभे होते. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि कपाटातून कारखान्यांच्या पत्त्यांचं जाडजूड पुस्तक ओढलं.

“काय शोधताय?”

“पाटीवाल्यांचा नंबर.”

“तुमचं कुणी आहे का त्यांच्यात?”

“नाही, साहेब,” ती पान उलटत म्हणाली. “त्यांचंच इथे कुणी नाही.”