आजीचं स्टूल

"सुगत, मोजे काढलेस तर पुन्हा बाहेर सोडणार नाही."

"दे आर वेट, आई."

"मग हीटरवर ठेव. अरे, हीटरवर नाही! हीटरसमोर."

सुजाताने वाफाळणारे मोजे उचलले. सकाळपासूनची ही चौथी जोडी. परदेशातल्या या रिकार्टनला बर्फ काही दरवर्षी पडत नाही. त्यामुळे पडला की शाळा, डेकेअर, सगळंच बंद. कुठेतरी तारा तुटल्या म्हणून वीज कंपनीतून फोन आला आणि तिचा नवरा इंद्रनील अंधारातच कामावर निघून गेला. घरात उरले सहा वर्षांचा सुगत, साडेतीन वर्षांची दीना आणि लॅपटॉपवरची एक मीटिंग. तिच्यात सुजाता फक्त नावापुरती होती.

मुलांना गरम कपडे चढवायला अर्धा तास, बाहेर पाच मिनिटं, मग रडारड. असं तीनदा झालं होतं. आता दीनाने वाटीतून बर्फ घरात आणला होता आणि तो वितळतोय म्हणून भोकाड पसरलं होतं.

अशा वेळी सुजाताची आई असायची. म्हणजे पुण्यात, येरवड्याच्या घरी, ओट्याजवळच्या स्टुलावर. इथली दुपार म्हणजे तिथली पहाट. चहा टाकायच्या आधी ती इथून गेलेला फोन उचलायची आणि पडद्यातून दीनाला जेवू घालायची, सुट्टीत सुगतलाही. "दीने, घास दाखव. आता गिळ. आ कर बघू." तेवढ्यात सुजाताचं कितीतरी काम उरकायचं. मायलेकींचं बोलणं मात्र रोज राहून जायचं. "तू कर तुझं काम, मी आहे," आई म्हणायची.

मे महिन्यात आई गेली. सुजाता जाऊन आली. पुण्यानुमोदनाला पांढरी साडी नेसून वडिलांशेजारी बसली आणि चार दिवसांनी विमानात. दीनाला डेकेअरला घातलं. आता दर रविवारी ती वडिलांना, भानुदासांना, त्यांच्या फोनवर गाठायची. "बरं आहे. जेवलो. मुलं बरी ना? ठेवतो." भानुदासांनी सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रपाळीत काढलेली, मोटारीच्या घरघरीत बोलणार काय आणि कुणाशी? बापलेकीचं जे काही बोलणं व्हायचं ते आईमार्फत. हळूहळू रविवारही सुटेल आणि कुणाचीच त्यात चूक नसेल, याची सुजाताला भीती वाटायची.

टेबलाकडून रिंगचा आवाज आला. ती वळली. दीनाने टॅबलेटवर आजीचा फोटो दाबला होता.

"दीना, नको! बंद कर ते!"

"आय वॉन्ट टू शो आजी."

"आजी'ज डेड, दीना," सुगत हळूच म्हणाला.

"आय नो. बट शी पिक्स अप."

आणि फोन उचलला गेला.

आईचं स्वयंपाकघर. दिवा लावलेला. आईच्या स्टुलावर वडील. आंघोळ झालेली, केस विंचरलेले. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, आई टेकवायची तसाच. निवृत्तीनंतरही आठच्या आत कधी न उठलेला माणूस.

"बाबा? इतक्या पहाटे? बरं नाही का तुम्हाला?"

"बरं आहे की. बसलो होतो."

"आईचा फोन चालू आहे अजून?"

"चार्ज करतो रोज. तिची वेळ ना ही. पोरांनी लावलाच, तर कुणी उचलायला नको?"

दीनाने वाटी पडद्याला भिडवली.

"आजोबा, लुक! स्नो!"

"हे तर पाणी दिसतंय."

"इट वॉज स्नो."

"असं होय. वास येतो का गं त्याला?"

सुगतने वाटीत नाक खुपसलं. "फ्रीजरसारखा, आजोबा."

भानुदास हसले. मग घसा खाकरून, सुजाताकडे न बघता म्हणाले, "तू कर तुझं काम. मी आहे."

तिने वरणभात कालवून दोघांपुढे ठेवला आणि ती सिंककडे वळली. मागून वडिलांचा अडखळता आवाज येत होता.

"दीना, घास दाखव. हां. आता गिळ." मग ते अडले. "पुढं काय असतं गं?"

"यू से, आ कर बघू!"

"बरं. आ कर बघू."

सुजाताने नळ मोठा सोडला आणि तशीच उभी राहिली.

ताटल्या उचलायला ती आली तेव्हा सुगतने ओठांवर बोट ठेवलं. पडद्यात भानुदास भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यांच्या मागच्या खिडकीत उजाडायला लागलं होतं. दीनाने आपला मफलर टॅबलेटला गुंडाळला होता, बरोबर त्यांच्या हनुवटीपर्यंत.

"ही'ज कोल्ड," ती कुजबुजली.

फोन बंद करायला सुजाताने हात पुढे केला. टॅबलेटच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण लाल झाली होती. ती आत गेली, चार्जर घेऊन आली आणि मफलर न हलवता तिने तो हळूच लावला.