मागाहून ठेवलेलं अंडं

अंड्याला चीर गेली होती. चीर म्हणजे नखाच्या टोकाएवढी चांदणी, आणि चांदणीच्या मधोमध एक ओलसर, टोकदार कण—जो बाहेर आला, आत गेला, पुन्हा बाहेर आला. पिल्लं निघायला लागली होती. निकाल लागला होता… आणि तिने तो पाहिलाच नाही. कोंबडीचा वर धरलेला पंख तिने अलगद खाली सोडला, दुसऱ्याच्या खोलीत चुकून डोकावल्यावर पडदा सोडतात तसा, आणि ठरवून टाकलं की आज आपण अडगळीच्या खोलीत अजून आलेलोच नाही. आपण झोपलेलो आहोत. झोपेत चालत इथवर आलो असू, तर त्याला आपला इलाज नाही.

कोंबडी घशातल्या घशात गुरगुरली. तिला घरात हेडबाई म्हणत, कारण खुडूक होण्याआधी ती परसात वर्ग तपासायला निघाल्यासारखी फिरायची. आता ती जुन्या टेबलाच्या खणात, भुशावर, पसरट होऊन बसली होती—पोटाची पिसं उपटलेली, डोळे कुठेतरी लांब लागलेले, जवळ येईल त्याला चोच. आणि कोणी तिला कारण विचारत नव्हतं. खुडूक झालीय म्हणायचं, संपलं. सगळं घर पाय न वाजवता बाजूने जायचं. माणसासाठी असा एखादा शब्द असता तर… पण नाही ना. माणसाला कारण लागतं.

तिच्याकडे कारण नव्हतं, हीच तर पंचाईत होती. सासरी तिला काही त्रास नव्हता. नवरा सज्जन होता. स्वतःचे रुमाल स्वतः घडी करायचा, पंखा बंद करण्याआधी विचारायचा. फक्त हल्ली ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि बादली भरून वाहायला लागली तरी कोरडीच उभी राहायची… बाहेरून तो विचारायचा, “झालं का?” आणि ती म्हणायची, “होतंय.” काय होतंय ते तिला माहीत नव्हतं. मग ती चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आली, त्याच सुमारास हेडबाई खुडूक झाली, आणि फोनवर तिच्या तोंडून निघून गेलं—पिल्लं निघेपर्यंत थांबते. नवऱ्याला पटलं. वहिनीला पटलं. इतकं पटलं की तीच घाबरली. एका कोंबडीच्या पोटाखाली तिची मुदत ठेवली गेली होती, आणि आज सकाळी त्या मुदतीने आतून टकटक केली होती.

“काय म्हणतेय हेडबाई?” स्वयंपाकघरात वहिनीने चहा पुढे करत विचारलं.

“बसलीये.”

“अजून? कमाल आहे बाई. आमच्या वेळेला डॉक्टर सुद्धा एवढं बसू देत नव्हते.” वहिनी हसली, मग पॅसेजकडे बघून हसू आवरलं. तिचं शिलाईमशीन पॅसेजमध्ये उभं होतं, कारण शिलाईच्या खोलीत सध्या नणंद झोपायची. “सावकाश होऊ दे हो वन्सं. घाई कुणाला आहे.”

एरवी वहिनी तिला ताई म्हणायची. वन्सं म्हटलं की समजायचं, मशीनचा विषय आहे.

नवऱ्याचा फोन ठरल्या वेळी आला. “निघाली का?” तो रोज असंच विचारायचा, मागवलेलं पार्सल कुठपर्यंत आलं ते विचारावं तसं, आणि त्यात राग नसायचा, राग असता तर किती बरं झालं असतं.

“नाही अजून,” ती म्हणाली. खोटं नव्हतं. चीर म्हणजे काही पिल्लू नव्हे. चीर कशालाही जाते—कपाला जाते, भिंतीला जाते…

पण थोड्या वेळाने अडगळीच्या खोलीतून आवाज आला. एवढासा, शिट्टीच्या पोटातल्या शिट्टीसारखा, आणि लगेच हेडबाईचं खालच्या पट्टीतलं उत्तर. दोघींचं—की तिघांचं, चौघांचं—बोलणं सुरू झालं होतं. वहिनीने ऐकलं तर घरभर होईल, घरभर झालं तर फोन होईल, फोन झाला की गाडी येईल, तो सामान उचलून डिकीत ठेवेल, आणि विचारेल, काच खाली करू का… तिने मिक्सर सुरू केला.

वहिनी धावत आली. “काय वाटतेस?”

“काही नाही.”

“भांडं रिकामं आहे अगं!”

“तेच म्हणतेय मी.”

वहिनीने मिक्सरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बटण बंद करून, भांडं जागेवर ठेवून बाहेर गेली. ते जास्त वाईट होतं.

दुपारी ती अडगळीच्या खोलीच्या दारात बादली उपडी घालून तिच्यावर बसली. पहारा असा नव्हे. बसावंसं वाटलं म्हणून. आत खणातून सरकल्याचा, टरफल मोडल्याचा आवाज. तिला आठवत होतं ते एकच, आणि ते आठवायचं नव्हतं: गेल्या आठवड्यात, दिवस भरत आले तसं, तिने दुसऱ्या कोंबडीचं ताजं अंडं उचलून हेडबाईखाली सारलं होतं. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, बाकीच्या अंड्यांवर पेन्सिलीने गोल काढले होते, ओळखू यावीत म्हणून. तिनेही एक गोल काढला. सगळी निघाली तरी एक राहील. एक राहिलं की म्हणता येईल, थांबा, एक राहिलंय. अंडी सगळी एकाच दिवशी ठेवायची, हा अप्पांचा नियम तिला लहानपणापासून पाठ होता. पण अप्पांचे असे पुष्कळ नियम होते—चपला जोडीने ठेवायच्या, वर्तमानपत्र शिवेवर दुमडायचं—त्यातलाच एक, असं तिने धरलं.

“आत काय चाललंय?” अप्पा समोर उभे होते.

“काही नाही. बसलीये ती.”

“ती बसलीये ते ठीक. तू का बसलीयेस?”

ती बाजूला झाली. अप्पा आत जाऊन खणापाशी उकिडवे बसले, आणि त्याच वेळी हेडबाईच्या पंखाखालून एक डोकं बाहेर आलं: ओलं, चिकट, केस विंचरायचे राहून गेलेलं.

“हे कोण?”

“मी नाही पाहिलं,” ती म्हणाली.

अप्पांनी विचार केला. “बरं. मग मीही नाही पाहिलं.” पिल्लाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पुन्हा आत गेलं. “हेडबाईंनी पाहिलंय, पण त्या सांगायच्या नाहीत.”

तिला हसू आलं, आणि हसूबरोबर दुसरंही काही वर यायला लागलं, म्हणून तिने ओठ दाबले.

“त्या एकाचं रीडिंग मागे आहे,” अप्पा म्हणाले. नोकरीभर ते घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडले होते. अंधारात बॅटरी लावून अंड्यातलं बघणं हे त्यांना त्याच कामातलं वाटायचं. “परवा बघितलं. बाकीची भरलेली, काळी. आणि एकात नुसत्या शिरा. गोलही तुझा. माझा गोल कधी एवढा गोल आलाय?”

“मग बोलला का नाहीत?”

“आम्ही मीटर बाहेरनं वाचायचो, बाळ. आत काय जळतंय ते विचारायचं नसतं.” ते गुडघ्यावर हात टेकत उठले. “पण आता ही पोरं सुकली की हेडबाई उठेल. उद्या म्हण, परवा म्हण. एकदा उठली की मागे राहिलेलं अंडं तिच्या लेखी दगड.”

“आणि आतलं?”

“आतलं हलत होतं,” अप्पा म्हणाले.

…हलत होतं. मी तर तिथे कुणाला ठेवलंच नव्हतं. मी चार दिवस ठेवले होते, एक सबब ठेवली होती, टरफलात घालून. त्या सबबीला शिरा फुटतील, ती कुणाची तरी वाट बघत आत हलेल, हे मला कुणी—पण सगळ्यांनीच तर सांगितलं होतं. एकाच दिवशी ठेवायची. ती चपलांच्या जोडीची गोष्ट नव्हती.

अप्पांचा अंदाज चुकला. ऊन उतरायच्या आत हेडबाई उठली. पिल्लं तिच्या पायांत, पिवळी, करडी, कोरडी झालेली. ती खणाच्या कडेवर उभी राहिली, एकवार आत बघितलं, आणि पायाने भुसा मागे फेकत खाली उतरली. भुशाबरोबर ते अंडं कोपऱ्यात गेलं. दारात उभी असलेली ती अंड्याकडे बघत राहिली. परत बसेल. आत्ता दाणे टिपून परत येईल… हेडबाई परसात पिल्लांना माती उकरून दाखवत होती, आणि तिच्या चालीत पुन्हा वर्ग तपासणं आलं होतं.

तिने अंडं उचललं. एका बाजूने थंड, एका बाजूने अजून ऊब. कुर्त्याच्या आत, पोटाला लावून तिने ते दोन्ही हातांनी धरलं, आणि बादलीवर बसली. टरफल गार लागलं, मग लागेनासं झालं. आत काही हललं का? की ते माझंच पोट…

अप्पा पॅसेजमध्ये शिलाईमशीनचा दिवा काढायच्या खटपटीत होते.

“माझा दिवा? अंड्याला ऊब द्यायला?” वहिनीचा आवाज चढला. मग: “सरका अप्पा, मोडाल तुम्ही. मी काढते.” आणि लगेच, “ताई, फोन आहे! भावोजी. मी पिल्लांचं सांगून टाकलं बरं का.”

वहिनीने फोन आणून तिच्या कानाला धरला, कारण तिचे दोन्ही हात आत होते.

“निघाली म्हणे,” नवरा म्हणाला. “छान झालं. मग उद्या गाडी घेऊन येऊ?”

एक राहिलंय, असं म्हणता आलं असतं. त्यासाठीच तर ते ठेवलं होतं; वाक्य तयार होतं, खरंही होतं. पण ते अंड्याच्या अंगावर टाकायला तिची जीभ वळेना. तो पलीकडे वाट बघत होता, नेहमीसारखा, न रागावता. वहिनी फोन धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला घाई वाटली नाही. डोक्यात शब्द एकामागून एक, अगदी नीट, समास सोडून उमटत गेले:

प्रति, संबंधित सर्व. विषय : बसून राहण्याबाबत. महोदय, खाली सही करणार हिला, कोणतेही कारण न विचारता, व कोणतेही कारण तिच्याकडे नसल्याचे गृहीत धरून, पुढील आदेश होईपर्यंत आहे त्या जागी बसून राहण्याची परवानगी मिळावी, तसेच जवळ येणाऱ्यास चोच मारण्याची सवलत देण्यात यावी, ही नम्र विनंती.

सोबत : अंडे, एक. कोमट.