एका तारेवरची पंगत

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. गल्लीच्या तोंडाशी, दोन खांबांच्या खांद्यावर बसून गुणगुणत असतो. कारागिरांनी माझ्या पोटात तांब्याची वेटोळी घातली, तेल भरले. गुणगुण तेवढी देवाने दिली असावी. वरून येणारी दांडगी वीज मवाळ करून घरोघर वाढायची, हीच माझी सेवा. शिंप्याचे मशीन, इस्त्रीवाल्याची इस्त्री, कोपऱ्यावरच्या काकूंची अंडी उबवायची पेटी, सगळी माझीच लेकरे.

मग पलीकडच्या मैदानात एक भलीमोठी इमारत उभी राहिली. तिला खिडकीच नाही! आत कोण राहते, काय खाते, मला भारी कुतूहल. तिची स्वतंत्र लाइन यायची होती, तोवर तिला आमच्याच तारेवर जोडले. तेव्हापासून संध्याकाळी मीच अर्धपोटी राहू लागलो.

काकूंच्या पेटीतले बल्ब मिणमिणू लागले. पिल्ले आज-उद्या बाहेर यायची. ऊब गेली तर ती अंड्यातच दगावणार. काकू माझ्यावरच कडाडल्या, "या म्हाताऱ्याला आधी भंगारात घाला!"

वायरमन हसला. "म्हातारा ठणठणीत आहे हो. त्याला मिळेल तेवढंच वाढणार ना? पंगतीला मोठा पाहुणा बसलाय."

"त्या बिनखिडकीच्या घरात आहे तरी कोण?"

"तुम्ही रोज गावभर पिल्लांचे व्हिडिओ पाठवता ना? ते तिथल्या संगणकांत साठवलेले असतात. आणि साऱ्या जगाचे."

"अगं बाई! म्हणजे माझीच पिल्लं माझ्या पिल्लांची ऊब खातायत?"

पेटीला वीज पुरावी म्हणून शिंप्याने मशीन थांबवले, इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. काकू एक अंडे फडक्यात गुंडाळून थेट त्या इमारतीत गेल्या. पुढचे त्यांनीच माझ्याखाली उभे राहून दहादा सांगितले. तिथल्या साहेबांच्या कानाला अंडे लावून त्या म्हणाल्या, "ऐका." आतून टकटक येत होती. ज्या देवाने विजेला वेग दिला, त्यानेच त्या इवल्या चोचीला धीर दिला होता.

साहेब ऐकतच राहिले. मग म्हणाले, "आमची काही कामं दुपारी उरकता येतील. संध्याकाळी भार कमी करतो."

त्या संध्याकाळी मी पोटभर गुणगुणलो.

सकाळी चिवचिव ऐकू आली. काकूंनी मोबाइल उचलला, मग थबकून खाली ठेवला आणि शेजारणीला हाक मारली, "अगं, बघायलाच ये!"

मित्रांनो, पाहुण्याला हाकलू नका. त्याच्यापाशी तुमचीच गाणी, तुमचेच फोटो आहेत. फक्त वाढण्याआधी पंगतीच्या शेवटी कोण बसले आहे, तेवढे वळून पाहा.