डोळ्यांसाठी ठेवलेला गाळा

चनबसप्पा मालकांना दिसत नाही हे भुसार बाजारात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमचा धंदाच हाताचा. पोत्यात हात घालायचा, मूठभर ज्वारी तळव्यावर खेळवायची, दोन दाणे दाताखाली फोडायचे आणि माल मंगळवेढ्याचा की दुसरीकडचा ते सांगायचं. भाव रुमालाखाली बोटं दाबून. ही रीत कागदावर बंद झाली होती, पण जुन्या माणसांच्या बोटांना ते कुणी कळवलं नव्हतं. मी त्यांचा दलाल. वर्षानुवर्षं त्यांची बोटं धरली, डोळ्यांकडं बघायचं काम कधी पडलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी मृत्युपत्राचं काढलं. मूलबाळ नव्हतं. राहतं घर बायकोला, शांतम्माला. आणि बाजारातला मोक्याचा गाळा त्यांच्या गावाला, मंद्रूपला, दरसाल डोळ्यांचं शिबिर भरवायला. भाडं येत राहील, गरिबांच्या मोतीबिंदूंची ऑपरेशनं फुकट होत राहतील. कारण त्यांची आई, सिद्धम्मा. मंद्रूपच्या घरी ती शेवटची कित्येक वर्षं कट्ट्यावर बसून आवाजावरनं माणसं ओळखायची. वय झालं, डोळे गेले, असं सगळे म्हणाले. ती वारल्यावर तिथल्या शाळेत शिबिर भरलं आणि तिच्याच वयाच्या बायका पट्टी सुटल्यावर कुणाचा हात न धरता घरी गेल्या. मालकांनी तेव्हा ते स्वतः पाहिलं होतं.

"आईचं डोळं गेलं न्हवतं," ते म्हणायचे, "नुसतं झाकलं होतं. उघडायला आमी कुणी गेलो न्हाय."

पुतण्याला, शिवप्पाला, काही नाही. त्याचं चादरींचं दुकान बरं चालायचं, पण खरं कारण वेगळं. पोरगा माजलाय, रस्त्यात समोरून जातो आणि हात जोडत नाही, ही मालकांची तक्रार. अण्णाराव वकिलांना धास्ती अशी, की मालकांच्या माघारी हाच पुतण्या कोर्टात जाईल आणि गाळा शिबिराऐवजी तारखांच्या घशात. कागद पक्का हवा. साक्षीला मला बोलावलं.

मालकांच्या ओसरीवर वकिलांनी कागद दिला आणि नीट वाचून घ्या म्हणाले. मालकांनी चष्मा लावला, वरून खालपर्यंत मान नेली, मध्ये एकदा विचार केल्यासारखं थांबले सुद्धा. सगळं बरोबर हाय की, म्हणून पेन मागितलं. सही कुठं करायची ते दाखवायला मी वाकलो. कागद कुणा दोन भावांच्या विहिरीच्या वाटणीचा होता. वकिलांनी पिशवीतून चुकून भलताच काढला होता.

मी तसं बोललो. वकिलांनी पेन हळूच परत घेतलं. ते म्हणाले, दृष्टी नसलेल्यालाही मृत्युपत्र करता येतं, वाचून दाखवलं एवढं लिहायचं. पण उद्या समोरचा वकील विचारणार, ज्याला विहीर आणि गाळा यातला फरक कळला नाही त्यानं काय दिलं ते त्याला ठाऊक होतं कशावरून? मालक म्हणाले, दिसतंय हो, जरा उजेड कमी हाय. बाहेर सोलापूरचं ऊन असं होतं की आमचे डोळे मिटत होते.

शांतम्मा दारातच उभी होती.

"दोन वर्सं ताटात शेंगाचटणी उजवीकडंच वाढतेय मी," ती म्हणाली. "एकदा विसरून डावीकडं वाढली, तर कोरडी भाकरी खाऊन उठला तुमी. गावाच्या डोळ्यांना गाळा देताय, आणि सोताच्या डोळ्याला सुरी लागंल म्हणून भिताय व्हय?"

मालकांची बोटं मांडीवरच्या रुमालाखाली गेली. सौदा तुटायला आला की ती तशी जायची. म्हणाले, पार आंधळाच झालो तर? शांतम्मानं विचारलं, आता काय हाय?

दवाखान्यात जवळ थांबायला घरचा माणूस हवा, म्हणून तिनंच शिवप्पाला निरोप धाडला. थोरल्या चुलत्याला त्यांच्यात दोडप्पा म्हणतात. सगळं ऐकून शिवप्पा पायरीवरच बसला.

"दोडप्पा, म्हंजे मी तुमाला दिसतच न्हवतो?"

मग निघालं ते असं. हा रस्त्यात हात जोडायचा, लग्नाच्या मांडवात समोर जाऊन हात जोडून उभा राहिला, आणि चुलता तोंड फिरवून निघून गेला. आपल्यावर राग आहे असं धरून त्यानं जाणंच सोडलं. दोघांच्या खात्यात एकच नमस्कार, आणि तो दोघांनीही येणं म्हणून एकमेकांच्या नावे टाकलेला.

ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, उशाशी शिवप्पा. चादरीखाली मालकांनी माझी बोटं धरून ठेवली होती. मी सवयीनं भाव शोधत होतो, पण तिथं कुठलाच आकडा नव्हता, नुसती भीती होती.

पट्टी सुटली. डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा नाकावर ठेवला. मालकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली.

"दलाल, तू लई म्हातारा झालास की."

शांतम्मा मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

पुढं कागद करायच्या दिवशी मालकांनी आम्हाला जेवायलाच बोलावलं. शांतम्मानं मालकांच्या ताटात चटणी डावीकडं वाढली आणि तिथंच थांबली. मालकांचा हात सरळ डावीकडं गेला. ती भाकरी आणायला म्हणून आत गेली, ती लवकर बाहेर आली नाही.

जेवणानंतर मालकांनी कागद अक्षर न् अक्षर वाचला. या वेळी गाळ्याचाच होता. अर्धा गाळा शिवप्पाच्या नावे करा म्हणाले. शिवप्पा म्हणाला, आज्जीच्या डोळ्यांचा गाळा हाय, त्यातला अर्धा मी कसा घेऊ? त्यापेक्षा मलाच साक्षीदार करा. वकिलांचा चेहरा उजळला. ज्याला काही मिळत नाही त्याच्या साक्षीला कोर्टात वजन, आणि ज्याची भीती होती तोच सही करून बसला की झगडायला उरतं कोण?

सही करण्याआधी मालकांनी एक अट वाढवायला सांगितली. शिबिराच्या माणसांनी घरोघर जावं. आणि जो म्हणेल मला दिसतंय, त्याच्या ताटातली चटणी हलवून बघावी.

मृत्युपत्रात चटणी बसत नाही, असं अण्णाराव म्हणाले. मालक त्या जाड भिंगांतून त्यांच्याकडं नुसते बघत राहिले.

बसली.