औषध म्हणून सून

सकाळी सहाला कृष्णराज तळ्यापर्यंत चालून यायचा. आल्यावर कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी, मग आंघोळ, न्याहारी, गोळी. रात्री दहाच्या आत अंथरुणावर. हा नेम त्यानं एका शंभरपानी वहीत स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता. पुढच्या पानावर धोक्याच्या खुणा होत्या. सलग दोन रात्री डोळा न लागणं, लोक आपल्याबद्दलच कुजबुजतायत असं वाटणं. खाली फोन नंबर, तुळजापूरच्या दवाखान्यातल्या शाहीन सिस्टरचा. वही करायला त्यांनीच लावलं होतं. त्यात मोठी विद्या काही नव्हती, पण गोळीच्या आणि त्या वहीच्या जोरावर बेंबळीचा हा सव्वीस वर्षांचा पोरगा आठ महिने ठीक होता.

त्याआधीचं वर्ष सांगायचीही किळस येते. पोराला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा त्याच्या बापानं, बब्रुवाननी, देवऋषी आणला. मिरच्यांची धुरी झाली, पोराला गोठ्यात बांधून झालं. भावकी बघायला आली आणि चहा पिऊन गेली. आता पोरगा माणसात आला, तर त्याच भावकीला नवा उपाय सुचला, लग्नाचा. दोनाचे चार हात झाले की डोकं ठिकाणावर येतं म्हणे. टायफॉइड झालेल्याला कुणी मुंडावळ्या बांधत नाही. मनाच्या आजाराला मात्र हे औषध आपल्याकडं सर्रास चालतं, आणि त्यासाठी कुणाची तरी जितीजागती लेक लागते.

मध्यस्थानं तामलवाडीचं स्थळ काढलं. मुलगी वैष्णवी, वीस वर्षांची, आईबाप नाहीत, चुलत्याकडं वाढलेली. बब्रुवाननी तयारी सुरू केली. गावानं काही विचारू नये म्हणून पोराचं चालणं बंद केलं. पाहुण्यांच्या हाती लागू नये म्हणून वही चुलीत घातली. गोळीनं डोळे जड दिसतात, म्हणून गोळ्यांची पाकिटं उकिरड्यावर टाकली. कृष्णराजनं गोळी मागितली, भांडण केलं, तर त्याचा मोबाइलही बापाच्या खिशात गेला. पोराला त्रास होईल असं कमलबाई, म्हणजे त्याची आई, एकदाच बोलली. अक्षता पडेपर्यंत कळ काढ, असं सांगून नवऱ्यानं तिला गप्प केलं. ती गप्प बसलीही.

गोळी बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी जीप तामलवाडीला निघाली, तेव्हा कृष्णराज दोन रात्री जागा होता. वही जळली होती, पण खुणा त्याला तोंडपाठ होत्या. मध्यस्थ मागं वळून हसला की आपल्यालाच हसला असं वाटत होतं. सिस्टरनी शिकवल्याप्रमाणं तो रस्ताभर श्वास मोजत राहिला. आजार उलटण्याआधी आपल्याकडं किती वेळ आहे, हे त्याला कळत नव्हतं.

ओसरीवर पोहे झाले. वैष्णवी डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. मग मंडळींनी नवरदेवाला सांगितलं, की तुम्हीही विचारा.

"म्या विचारणार न्हाय, सांगणार हाय," कृष्णराज म्हणाला. तो मुलीकडं बघून बोलत होता. "मला मनाचा आजार हाय. गोळी, झोप, नेम, समदं वेळेवर झालं तर बरा ऱ्हातो. तुमाला कळू नये म्हणून घरच्यांनी तीन दिवस गोळी बंद केलीय. लग्नानं हे जात न्हाय. उसळलं तर तुमाला निस्तरावं लागंल."

बब्रुवाननी कपाळाला हात लावला. कमलबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मुलीचा चुलता पोह्यांची बशी चाटूनपुसून खाली ठेवत शांतपणे म्हणाला, "आमाला म्हाइती हाय की, पाव्हणं. मध्यस्थानं समदं सांगितलंय. पोरगी सोशीक हाय, करंल तुमचं."

म्हणजे ओसरीवरच्या वडीलधाऱ्यांना सगळं ठाऊक होतं. बापाला पोराची राखण दुसऱ्याच्या गळ्यात घालायची होती, चुलत्याला भावाची लेक घरातून काढायची होती, आणि दोघंही पोहे बरे झालेत म्हणून एकमेकांची तारीफ करत होते. ओकारी यावी असा तो सोहळा होता.

वैष्णवीनं पदर मागं सारला. "मला न्हवतं म्हाइती, काका," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं. तुमी मला का न्हाय सांगितलं?" चुलता तंबाखू मळायला लागला. मग हे लग्न मी करणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगून ती आत गेली.

परतीच्या वाटेवर बब्रुवानचा बांध फुटला. "आमी गेल्यावर तुझ्या उशाला कोण बसंल?"

"त्यासाठी कुणाची लेक फसवायची व्हय?" कृष्णराज म्हणाला.

तुळजापूर आल्यावर त्यानं जीप थांबवायला लावली आणि दवाखान्याच्या रस्त्यानं चालू लागला. बब्रुवान बसूनच राहिले. कमलबाईनं नवऱ्याच्या खिशातून पोराचा मोबाइल काढून घेतला, खाली उतरली आणि पोराच्या मागोमाग गेली. तिला हे तीन दिवस आधी सुचलं नाही, याची लाज तिला जन्मभर पुरेल.

जीप हलली तसा मध्यस्थ मागं वळला आणि बब्रुवानना हळूच म्हणाला, की कर्नाटकात एक स्थळ आहे, पोरगी गरीब आहे, फार विचारणार नाहीत. बब्रुवान नको म्हणाले नाहीत.

अशा ओसरीवर तुम्हीही कधी पोहे खाल्ले असतील. तेव्हा पाटावरच्या पोरीला कुणी सगळं सांगितलंय का, हे तुम्ही विचारलं होतंत?