फिरत्या वहीतली पेन्सिल

इस्रायलमधल्या लोद गावातल्या आमच्या शिकूनमध्ये, म्हणजे सरकारने बांधून दिलेल्या त्या चार मजली इमारतींमध्ये, बावीस घरं बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातून आलेल्या आम्हा मराठी ज्यूंची होती. आणि बावीस घरांचं मत नेहमी एकच असायचं. या गोष्टीचा तेव्हा सगळ्यांना फार अभिमान वाटे. मला आज तिचा राग येतो, आणि रागावून झालं की त्या दिवसांची आठवण येते. आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे एलायजाकाका जाऊन आता तीन वर्षं झाली.

मत एक असण्याचं कारण होती फिरती वही. कोणी विमानतळावर, कोणी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, कोणी कारखान्यात, आणि सगळे वेगवेगळ्या पाळ्यांना. सभा भरवायची तर माणसं जमणार कधी? म्हणून सॉलोमन मास्तरांनी ही युक्ती काढली. मास्तर मुंबईला शाळेत शिकवायचे, आणि लोदमध्ये येऊन गोदामात राखणदारी करू लागले तरी त्यांच्यातला मास्तर काही निवृत्त झाला नव्हता. वहीच्या कोऱ्या पानावर ते वर प्रश्न लिहीत. मग वही घरोघर फिरे. प्रत्येक घराने एक ओळ लिहायची, खाली नाव घालायचं आणि वही पुढच्या दारात द्यायची.

नियम दोन होते. पहिला, वही सुरू व्हायची ती सगळ्यांत वडीलधाऱ्याच्या घरून आणि मग वयाच्या उतरत्या क्रमाने खाली यायची. दुसरा, आधी पेन्सिलीने लिहायचं, मग शाईने, आणि मग पेन्सिल खोडून टाकायची. "माणसाचं पहिलं मत कच्चं असतं," मास्तर म्हणत. कोणी पेन्सिल खोडायला विसरलं तर ते स्वतः रबर घेऊन बसत.

आता यातून काय होणार ते सांगायला नको. एका उन्हाळ्यात सहल समुद्राकाठी एलातला न्यायची की किनेरेतच्या तळ्यावर, असा प्रश्न आला. पहिल्या घराने किनेरेत लिहिलं. बावीस घरांनी किनेरेत लिहिलं. भर जुलैत आम्ही तिथे गेलो, घामाने निथळलो, आणि परतीच्या बसमध्ये जो तो म्हणू लागला की मला तर मुळात एलातला जायचं होतं. ड्रायव्हरसुद्धा हसायला लागला. आम्हीही हसलो. त्यातून शिकलो मात्र काही नाही.

वडीलधारे म्हणून या वहीची सुरुवात व्हायची ती एलायजाकाकांपासून. काका रेवदंड्याचे, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. एरवी बोलायला इतके संकोची की दुकानात पाव मागतानाही खाकरायचे. पण वर्षातून एकदा, तू बिश्वातच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या झाडांच्या सणाच्या दिवशी, इमारतीखालच्या मिक्लातमध्ये मलिदा होत असे. मिक्लात म्हणजे बॉम्बपासून लपायची खोली. आमच्याकडे तिथे गूळखोबरं घातलेले भिजवलेले पोहे, खजूर आणि फळं मांडली जायची, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं नाव घेतलं जायचं, आणि मग काका डोक्यावर पांढरी टोपी चढवून, हातात चिपळ्या घेऊन कीर्तनाला उभे राहायचे.

आख्यान दरवर्षी एकच. आपले पूर्वज गलबतातून आले, कोकणच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. पण त्यात काकांनी स्वतःची एक भर घातलेली होती. अंधारात, ओल्या वाळूवर एक माणूस शुद्धीवर येतो. त्याला वाटतं आपण एकटेच उरलो. बाकीचे तेरा जण आसपासच पडलेले असतात आणि प्रत्येकाला तेच वाटत असतं, म्हणून कोणी आवाज देत नाही. मग तो माणूस उठून हाक मारतो, "आहे का कोणी?" इथे काका थांबायचे आणि आम्ही सगळ्यांनी ओरडायचं, "आहों! आहों!" त्या सिमेंटच्या खोलीत असा दणका उठायचा की तिसऱ्या मजल्यावरची रोमानियन म्हातारी खाली येऊन विचारायची, लढाई लागली का?

मी नऊ वर्षांची असताना अलिबागहून इथे आले. शाळेत हिब्रू, रस्त्यावर हिब्रू, स्वप्नंसुद्धा हळूहळू हिब्रूत पडू लागली. वर्षातून तेवढी एक संध्याकाळ मला वाटायचं की मी अजून तीच आहे. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पंचाहत्तर सालच्या हनुक्काच्या, म्हणजे डिसेंबरातल्या दिव्यांच्या सणाच्या सुमारास वही आली. त्या वर्षीच्या कीर्तनात मागे बसलेली मुलं खिदळली होती. इथेच जन्मलेली मुलं, त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. नगरपालिकेचे एक पाहुणे सारखं घड्याळ बघत होते. मास्तरांच्या ते मनाला लागलं असावं. त्यांनी सुबक अक्षरात प्रश्न लिहिला होता: "मुलांच्या सोयीसाठी यंदा कीर्तनाऐवजी हिब्रूतून व्याख्यान ठेवावे काय?"

आमचं घर सतरावं. वही आली तेव्हा सोळा ओळी भरलेल्या. पहिली ओळ काकांची: "सहमत. मुलांच्या आनंदात आपला आनंद." त्याखाली पंधरा वेळा सहमत. एकाने तर 'वरच्याप्रमाणेच' अशा अर्थाची नुसती दोन टिंबं काढली होती.

वडील गेल्यापासून आमच्या घरची ओळ मीच लिहायची. मी तेव्हा चोवीस वर्षांची, विमानतळाच्या स्वयंपाकघरात ट्रे भरायचं काम करत होते. डोकं भडकलेलंच होतं. मी पेन्सिल दाबून लिहिलं: "कीर्तन हवेच. हसणाऱ्या मुलांना बाहेर काढा, काकांना नको."

आईने ते वाचलं. माझी आई, डिनाबाई, चार घरांत कोणाला उणा शब्द न बोललेली बाई. ती म्हणाली, "खोड ते."

"का?"

"सोळा घरांनी सहमत लिवलंय. एलायजाभाव सोत्ता सहमत म्हणतो, नि तू कोण गो मोठी लागून गेलीस? उद्या जिन्यात लोकांना तोंड कसं दाखवायचं?"

"पण आई, तुला हवंय ना कीर्तन?"

"मला काय हवंय ते कोणी विचारलंय?" ती म्हणाली आणि पोळपाट काढायला वळली.

वहीत तेच तर विचारलं होतं! पण मीही काही कमी भित्री नव्हते. मी वरच्या सोळा ओळींकडे पुन्हा पाहिलं. जिना, शब्बाथची प्रार्थना, लग्नकार्यं, सगळीकडे हीच माणसं भेटणार होती. मी रबराने खोडलं आणि शाईने लिहिलं, "सहमत."

तू बिश्वातला एक गृहस्थ आले आणि झाडांवर पन्नास मिनिटं बोलले. मुलं पाचव्या मिनिटाला बाहेर पळाली. काका पहिल्या रांगेत ताठ बसले होते. व्याख्यान संपल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. मी खजुराचं ताट घेऊन त्यांच्यापुढे वाकले तेव्हा मला दिसलं, त्यांच्या मांडीवर कोटाखाली प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीतून चिपळ्यांची घुंगरं बाहेर आली होती. ते त्या घेऊन आले होते. मला त्या क्षणी ताट टाकून रडावंसं वाटलं. मी पुढच्या माणसाला खजूर दिला.

एकदा ठरलेला प्रश्न वहीत पुन्हा विचारायचा नाही, असाही एक न लिहिलेला नियम होता. आठ वर्षं गेली. काही घरं अश्केलोनला गेली, काही पेताह तिक्वाला. दरवर्षी कोणीतरी कशावर तरी बोलायला येई.

त्र्याऐंशीच्या शरदात सॉलोमन मास्तर मुलाकडे अश्केलोनला निघाले. जाताना सगळ्या जुन्या वह्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "रिव्का, तुमच्या पिढीत मराठी वाचणारी आता तूच राहिलीस. सांभाळ." त्या दुपारी मी खिडकीशी बसून पानं उलटत होते. ऊन तिरकं येत होतं. ते पान आलं आणि मला माझ्या 'सहमत'च्या मागे रेघा दिसल्या. शिसं गेलं होतं, पण कागद दबलेला होता. कीर्तन हवेच. मी लाजेने वही मिटणार होते, तेवढ्यात वरच्या ओळीवरही तसंच काही दिसलं.

मग मी वही उन्हात तिरपी धरून एकेक घर वाचलं. शेजारच्या मलकामावशीच्या सहमतखाली होतं, "काकांनी करावे असे वाटते." त्याच्या वर, "आमचे वडील याच दिवसाची वाट पाहतात." उगाच खोटं कशाला सांगू, सगळ्यांनाच कीर्तन हवं होतं असं नाही. दोघांना खरोखर व्याख्यान हवं होतं आणि एकाने सिनेमा दाखवा असं लिहून खोडलं होतं. काही ओळी वाचताच आल्या नाहीत. पण नऊ घरं माझ्यासारखी होती. नऊ घरं, एकाच जिन्यातली, रोज एकमेकांना शालोम म्हणणारी! मला स्वतःचा, आईचा, त्या सगळ्यांचा असा संताप आला की काय सांगू.

सगळ्यांत शेवटी मी पहिली ओळ उन्हात धरली. ठसा अगदी पुसट होता: "यंदा करू द्या. पुढल्या वर्षी तुम्ही म्हणाल तसे."

मी तशीच वही घेऊन काकांच्या दारात गेले. काका आता अठ्ठ्याहत्तरचे होते. वही त्यांच्यापुढे ठेवून मी म्हणाले, "काका, हे तुम्ही लिहिलं होतं आणि खोडलंत?"

त्यांनी बोटाने कागद चाचपला. मग खाकरले.

"मी पयला होतों गो. पयल्याने आपलंच ताट कसं वाढून घ्यायचं?"

"म्हणून सहमत लिहिलंत?"

"आपल्यात काय रीत हाय? पावन्याला लाडू वाढाया गेलं की तो नको म्हणतो. मग वाढणारा आग्रह करतो, आणि मग तो घेतो. मला वाटलं, खाली कोणीतरी लिवील, नाय काका, तुम्ही कराच. येक जरी लिवलं असतं तरी बस होतं." ते हसले. "तुम्ही लोकांनी पयल्याच नकोला ताट उचललंत."

मी माझी ओळ त्यांना दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून ती वाचली. "तुझी पेन्सिल माझ्यापरीस जोरात उमटलीय," ते म्हणाले. याहून मोठी शिक्षा मला कोणी दिली नसती.

"काका, यंदा करा. मी आग्रह करते."

"आवाज रायला नाय गो."

"तरी करा."

"वहीत विचार," ते म्हणाले.

मी विचारलं. पण या वेळी वही काकांकडे आधी नेली नाही. पहिली ओळ मी लिहिली, पेन्सिल न वापरता, थेट शाईने: "कीर्तन व्हावे. काकांनीच करावे." मग चौदा उरलेल्या घरांतून वही फिरली आणि परत आली. चौदाही घरांनी लिहिलं होतं, सहमत. मी पान उन्हात धरलं. यातल्या कितींना खरंच हवं होतं आणि किती जण नुसते माझ्या ओळीमागे आले, ते मला कळलं नाही. आईने मात्र त्या दिवशी मला न विचारता काकांची टोपी धुऊन, नीळ घालून वाळत टाकली.

चौऱ्याऐंशीचा तू बिश्वात. मिक्लातमध्ये खुर्च्या निम्म्याच भरल्या होत्या. काका उभे राहिले. चिपळ्या त्याच होत्या, पण आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही नीट पोचेना. माणसं पुढे वाकून ऐकत होती. ज्या आवाजाने तिसरा मजला हादरायचा तो आम्ही आठ वर्षं कोटाखालच्या पिशवीत ठेवून संपवला होता, आणि हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

गलबत फुटलं. रात्र झाली. वाळूवरचा माणूस उठला. काकांनी मान वर केली आणि हाक मारली, "आहे का कोणी?"

कोणी बोललं नाही. जुन्यांना आठवत होतं, ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. पण जो तो शेजाऱ्याकडे बघत होता, त्याने सुरू करावं म्हणून. मीसुद्धा! एवढं सगळं होऊन मीसुद्धा मलकामावशीच्या तोंडाकडे बघत होते.

काका थांबले. मग त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली. आवाज मध्येच चिरकला. "आहे का कोणी?"

मी उभी राहिले. "आहे!" मी ओरडले. माझा आवाज वेडावाकडा फुटला, आणि मागे कोणीतरी मूल फस्सकन हसलं. "आहे काका, मी आहे!"

मग आई म्हणाली, "आहों." मग मलकामावशी. मग सगळी खोली, हसणाऱ्या पोरांसकट, ज्यांना त्या शब्दाचा अर्थही ठाऊक नव्हता.

कीर्तन संपल्यावर मी मलिद्याचं ताट घेऊन काकांकडे गेले. ते घामाघूम होऊन खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "काका, घ्या." या वेळी त्यांनी नको म्हटलं नाही. मूठभर पोहे उचलले, तोंडात टाकले आणि चावता चावता माझ्याकडे बघून म्हणाले, "पयल्या हाकेला बोलायचं होतं, गो."