जुंदबचं नाव

"अरे बोल ना! का जीभ उंटिणीने चावून खाल्ली?" नौफल हसला, तसे बैठकीतले पाहुणेही हसले.

त्याचा पुतण्या सुवैद हसला नाही. पाच वर्षांचं ते पोर, उन्हाने तांबूस झालेलं, आजोबांसमोर ताठ उभं होतं. मागे दाराशी, धाकट्या लेकीला कडेवर घेऊन, त्याची दूधआई उनैसा उभी होती. सुवैद अगदी तान्हा असताना ताइफ शहरातल्या या घराने त्याला तिच्या ओटीत घातलं होतं. शहराची हवा कोंदट आणि भाषा भेसळीची, म्हणून इथली मोठी घरं आपली मुलं आम्हा वाळवंटातल्या लोकांच्या तंबूंत धाडतात. मूल दूध पितं, काटक होतं आणि स्वच्छ बोलायला शिकतं. आज उनैसा त्याला परत द्यायला आली होती.

पोर काटक झालं होतं, ते सगळ्यांना दिसतच होतं. प्रश्न बोलण्याचा होता. सुवैद अडखळत बोलायचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बायकांनी उनैसाला समजावलं होतं, "आत्ताच देऊन टाक गं त्याला. मोठा करून तोतरा परत केलास, तर तुझ्या दुधाला नावं ठेवतील. पुन्हा कोणी तान्हं मूल तुझ्याकडे देणार नाही."

"शब्द आहेत त्याच्याकडे," उनैसा म्हणाली होती. "यायला वेळ लागतो, एवढंच."

मग तिने तंबूत नियम केला. सुवैदचा शब्द दुसऱ्या कोणी पुरा करायचा नाही. तो बोलत असला की तिचा नवरासुद्धा घास हातात धरून थांबायचा. सुवैदला ती सांगायची, "वाळूत वाट चुकली की आपण कुठे जातो? मागे, विहिरीपाशी. तुझा शब्द कुणी पळवला, तर तूही पहिल्यापासून सुरू कर. रडायचं नाही, घाई करायची नाही."

आजोबा हुबैरांना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी हात पुढे करून नातवाचा खांदा चाचपला.

"तू कोण, बाळा?"

वाळवंटातून परतलेल्या प्रत्येक मुलाला हे विचारतात. त्याने वाडवडिलांची नावं सांगायची असतात.

"मी सुवैद. मुदरिकचा मुलगा. मुदरिक हुबैराचा. हुबैरा जु... जु..."

"जुंदबचा!" नौफल म्हणाला. "चल, पुढे."

सुवैद थांबला. त्याने श्वास घेतला. "मी सुवैद. मुदरिकचा मुलगा."

"आता पुन्हा मुळापासून?"

"मुदरिक हुबैराचा. हुबैरा जु..."

"जुंदब रे, जुंदब! काय गं बाई, दूध पाजलंस की ताक? पोराची जीभ विरजून गेली पार!"

पुन्हा हशा पिकला. भिंतीपाशी दुधाचा वाडगा घेऊन उभ्या असलेल्या लमीसने, सुवैदच्या जन्मदात्या आईने, मान खाली घातली. उनैसाच्या कानशिलांची आग झाली. तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"नौफलभाऊ," ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला तुमच्या आजोबांचं नाव येतं, ते कळलं सगळ्यांना. आता त्याच्या पणजोबांचं त्याला सांगू द्या."

म्हातारे हुबैरा खो खो हसले. मग त्यांनी हात वर केला आणि बैठक चिडीचूप झाली.

"मी सुवैद. मुदरिकचा मुलगा. मुदरिक हुबैराचा. हुबैरा..."

त्याची हनुवटी थरथरली. ओठ मिटले, उघडले. बाहेर कुणाचं तरी गाढव ओरडून गप्प झालं. कोणी हललं नाही.

"...जुंदबचा. जुंदब कुत्बाचा. कुत्बा..."

एकेक नाव सावकाश, पण पुरं आलं. शेवटच्या नावाला तो थांबला, तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे ओले होते.

"माझ्या बापाचं नाव लोक उरकून टाकतात," ते म्हणाले. "इतक्या सावकाश मी ते आजच ऐकलं." मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "उनैसा, लमीसला दिवस गेलेत. होईल ते मूल तुझ्याच तंबूत येईल."

उनैसाने मान डोलावली.

लमीस पुढे आली आणि वाडगा मुलाच्या हातात देत म्हणाली, "पी, राजा. दमलास."

सुवैदने तो दोन्ही हातांनी धरला. तो आजोबांपाशी थांबला नाही, काकापाशीही नाही. दूध सांडू न देता तो दारापर्यंत गेला आणि त्याने वाडगा उनैसापुढे धरला.

"आई, आधी तू. पा... पाहुणे आधी."

कालपर्यंत तो तिच्याच वाडग्यातलं उरलेलं दूध पीत होता. उनैसाने लेकीला खाली ठेवलं, वाडगा घेतला आणि ती सगळं दूध प्यायली, थेंबही न ठेवता. पाहुण्याने उष्टं टाकलं तर यजमानाचा अपमान होतो. ती पिऊन होईपर्यंत तो समोर ताठ उभा राहिला, रिकामा वाडगा घ्यायला हात पुढे करून.